बडोद्याहून परदेशात कायम राहण्यासाठी अर्ज करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नऊ वर्षं जर्मनीत राहिले. धाकटा भाऊ कॅनडात स्थायिक आहे. दांडिया बाजारातल्या घरी परत आल्यापासून ओळखीतली मुलं, आणि मुलांपेक्षाही जास्त त्यांचे आईवडील, फाइल काखोटीला मारून येतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढले. मी वकील नाही आणि एजंट तर नाहीच. शुल्क, मुदती, गुण हे सगळं बदलत राहतं. त्यामुळे इथे एखादा आकडा दिसला तरी अर्जाच्या दिवशी त्या देशाचं सरकारी पान उघडून ताडून पाहा.

अहमदाबादच्या व्हिसा सेंटरमधल्या मुलीने "होऊन जाईल" म्हणून सांगितलं. म्हणजे झालंच ना?

नाही. ती मुलगी बोटांचे ठसे घेते, फोटो काढते, पाकीट पुढे पाठवते. तिचं काम पोस्टासारखं आहे. निर्णयात तिचा काडीचाही वाटा नसतो आणि "होणार नाही" म्हणाली असती तरी तेवढाच अर्थ होता. निर्णय घेणारी माणसं वेगळी : कॅनडासाठी आयआरसीसी, ब्रिटनसाठी होम ऑफिस, ऑस्ट्रेलियासाठी गृहखातं, अमेरिकेसाठी आधी यूएससीआयएस आणि मग वकिलात. जर्मनीत एकदा पोचलात की तुमच्या शहराचं किंवा जिल्ह्याचं परदेशी नागरिकांचं कार्यालय, ज्याला तिकडे आउसलेंडरबेहोर्ड म्हणतात. जर्मनी सोडली तर बहुतेक ठिकाणी तुमची फाइल वाचणारा माणूस तुम्हाला कधीच दिसत नाही. त्याला तुमचं घर, खानदान, स्वभाव काही माहीत नसतं. त्याच्यापुढे फक्त कागद असतात आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही एवढंच तो बघतो.

बाबांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे. चालेल का?

बडोद्याच्या मराठी घरांतला हा पहिल्या नंबरचा घोळ, म्हणून जरा सविस्तर.

समजा बाबांचं नाव सदाशिव. पेन्शनच्या पुस्तकात सदाशिवराव, वीजबिलावर सदाशिवभाई, पासपोर्टवर नुसतं सदाशिव. आपल्याला यात काही खटकतच नाही, कारण 'राव' आणि 'भाई' म्हणजे मान, नाव नव्हे, हे आपल्या कानाला कळतं. ओटावातल्या संगणकाला ते कळत नाही. आईचंही तसंच : कुठे 'बाई', कुठे 'बेन'.

दुसरा घोळ अक्षरांचा. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने इंग्रजीत नेलं तर 'डी-एन-वाय'ने सुरू होतं आणि गुजराती कारकुनाने नेलं तर 'जी-एन'ने. एकाच घरात, एकाच माणसाचे, एक दाखला एका वळणाचा आणि दुसरा दुसऱ्या. वाघ, वैद्य, वर्तक मंडळींचं कुठे 'व्ही' असतं तर कुठे 'डब्ल्यू'. शिवाय शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. ते जसंच्या तसं फॉर्मवर उतरवलं की आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जाऊन बसतं.

तिसरा घोळ बायकांचा, आणि तो सगळ्यात त्रासाचा. लग्नात नाव बदलायची पद्धत होती तेव्हाच्या कितीतरी मावश्या शाळेच्या दाखल्यावर कुमुद आणि आधारवर सुनंदा आहेत. आडनाव बदललं हे लग्नाच्या दाखल्यावरून समजतं. पहिलं नावही बदललंय हे मात्र वेगळं सिद्ध करावं लागतं.

करायचं काय? पासपोर्ट हा पाया धरा. बाकीचे कागद त्याच्याकडे वळवा. जे दुरुस्त होऊ शकतं (आधार, पॅन, बँक) ते अर्जाच्या आधी तीन-चार महिने दुरुस्त करून घ्या. जुना शाळेचा दाखला किंवा पदवीपत्र यांसारखं जे बदलणार नाही त्यासाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करा. कोर्टाच्या आवारातले टंकलेखक याला 'वन अँड सेम'चं अ‍ॅफिडेव्हिट म्हणतात. त्यात प्रत्येक स्पेलिंग कुठल्या कागदावर आहे ते नाव घेऊन लिहा. "सर्व नावे माझीच आहेत" असं मोघम लिहिलेलं कोणी मनावर घेत नाही. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात नावबदल छापून आणणं जास्त भक्कम.

आणि फॉर्ममध्ये "इतर कोणत्या नावाने ओळखले जाता का" असा रकाना असतो तो रिकामा सोडू नका. लोकांना वाटतं, तिथे लिहिलं की संशय येईल. होतं उलटं. न लिहिलेलं नाव नंतर एखाद्या कागदावर सापडलं की संशय येतो.

पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असेल तर आधी पासपोर्ट नीट करून घ्या, मग बाकी सगळं.

जन्मस्थळ 'बडोदा' लिहायचं की 'वडोदरा'?

पासपोर्टवर असेल ते. शहराचं अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं, पण १९४९ साली स्थापन झालेलं आपलं सयाजीराव विद्यापीठ आजही नावात बडोदाच मिरवतं. त्यामुळे दोन्ही नावं एकाच फाइलमध्ये येणारच. यावरून कोणाचा अर्ज अडलेला मी पाहिलेला नाही. फार वाटलं तर सोबतच्या पत्रात एक ओळ टाका.

माझा जन्म आजोळी झाला. जन्मदाखला कुठे मिळेल?

जिथे जन्म झाला तिथेच. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजामुळे बडोद्यातल्या अर्ध्या मराठी मुलांची नोंद सांगलीत, धुळ्यात नाहीतर कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत असते. खंडेराव मार्केटच्या इमारतीत महापालिकेकडे कितीही चकरा मारल्या तरी ती तिथे सापडणार नाही. मामाला फोन करा. त्याने रजिस्टर उघडायला लावेपर्यंत दोन-चार आठवडे जातात हे धरून चाला.

मिळाल्यावर नीट वाचा. जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि आईवडिलांची नावं. असा दाखला परदेशात कामाचा नाही. नाव घालून नवा मागून घ्या. नोंदच झाली नसेल तर त्याच कार्यालयाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्यायचा आणि त्यासोबत शाळेचा दाखला व जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लावायची. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं आणि तिकडच्या अधिकाऱ्यांनाही ते ठाऊक असतं.

एक उपकथानक : ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांनी हसू नये, पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून आणि जन्मदाखल्यावरची खरी तारीख वेगळी निघाली तर ती नावाच्या घोळापेक्षा मोठी अडचण असते. तारखेचं काम प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. आधी इथले कागद एक करा.

भाषांतर घरी केलं तर? माझी बहीण इंग्रजीची प्राध्यापिका आहे.

बहिणीला राहू दे. कॅनडा नातेवाइकाने केलेलं भाषांतर घेत नाही, मग ती कितीही शिकलेली असो. तिथे भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्रही जोडावं लागतं. जर्मनीत शपथबद्ध भाषांतरकार लागतो. मी लग्नाच्या गुजराती दाखल्याचं झकास भाषांतर रावपुऱ्यात करून, गोल शिक्के मारून नेलं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी ते दोन बोटांत धरून माझ्याकडे परत सरकवलं. शिक्के किती आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, कोणाचे आहेत हे त्या बघत होत्या.

सगळ्या कागदांना अ‍ॅपोस्टिल करून ठेवू का? एकदाच काम होऊन जाईल.

नका करू. पैसे पाण्यात. अ‍ॅपोस्टिल म्हणजे हेग करारातल्या देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदांना मान्यता देण्याची पद्धत. भारत त्यात २००५ मध्ये आला. शिक्का परराष्ट्र मंत्रालयाचा, त्याचं मूळ शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये, आणि त्याआधी राज्य सरकारची साक्षांकनाची पायरी. मध्यस्थ हजारांत पैसे घेतात ते धावपळीचे.

पण कुठे लागतं आणि कुठे नाही हे देशागणिक आहे. कॅनडाच्या पीआरसाठी (म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) साधारणपणे कोणी मागत नाही. जर्मनीने तर भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे, म्हणून भारतीय अ‍ॅपोस्टिलला तिथे किंमत नाही. गरज पडली तर त्यांची वकिलात कागदाची स्वतः पडताळणी करवून घेते. तेव्हा यादीत 'अ‍ॅपोस्टिल' हा शब्द लिहिलेला दिसला तरच करा.

पोलीस क्लिअरन्स कधी काढावं?

फार लवकर नको, फार उशिरा नको. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, ५०० रुपये शुल्क, पासपोर्ट सेवा केंद्राची तारीख, मग पोलीस पडताळणी. पोलीस ठाण्याने परस्पर दिलेला दाखला चालत नाही, पासपोर्ट कार्यालयाचाच लागतो. पासपोर्टवर पत्ता वाडी भागातला आणि राहता मांजलपूरच्या भाड्याच्या घरात, असं असेल तर भाडेकरार जवळ ठेवा, नाहीतर हवालदार येऊन कुलूप बघून जातो आणि शेरा 'पत्त्यावर आढळले नाही'.

कॅनडाच्या नियमाने तुम्ही सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्जाआधीच्या सहा महिन्यांतला हवा. शिवाय मागच्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येकाचा. बडोद्यातून मस्कत, दोहा, दुबई करून आलेले खूप लोक आहेत. आखातातून परत येण्याआधीच तिथला दाखला काढला तर दोन दिवसांचं काम. इथे आल्यावर तेच दोन महिने पुरतं.

कंपनीने अनुभवाचं पत्र दिलंय, दोन ओळींचं. पुरेल?

"अमुक यांनी आमच्याकडे तमुक काळ काम केलं, त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा." मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची पत्रं अशीच असतात. शुभेच्छांना गुण नाहीत. कॅनडाला पत्रात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि नेमकं काम काय करत होतात ते हवं. मालकाला लिहायचा कंटाळा असतो, तेव्हा मसुदा तुम्हीच करून न्या आणि लेटरहेडवर सही घ्या, त्यात गैर काही नाही. मात्र कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतलं कामाचं वर्णन शब्दन् शब्द उतरवू नका. अधिकारी ती यादी रोज वाचतो. तुम्ही लेथवर कुठला भाग करत होता, तुमच्या हाताखाली किती माणसं होती, असं तुमचं तुम्हालाच सांगता येईल असं लिहा.

मालक पत्र देतच नसेल तर पगारपत्रकं, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, नेमणूकपत्र आणि एखाद्या वरिष्ठ सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत मूळ पत्र का मिळालं नाही याचा खुलासा. कागद नाही म्हणून गप्प बसण्यापेक्षा, नाही ते का नाही हे सांगितलेलं बरं.

खात्यात पैसे दाखवायचे आहेत. काकांकडून महिनाभरासाठी घेऊ का?

घेतलेत तर दिसतील. कॅनडा बँकेकडून मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक मागतो. उसने पैसे मोजत नाहीत, घराची किंमत मोजत नाहीत. काकांनी खरोखर भेट दिली असेल तर बक्षीसपत्र, काकांच्या खात्यातून गेल्याची नोंद आणि त्यांच्याकडे ते आले कुठून याचा पुरावा जोडा. बक्षीस खोटं असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा एकदा नाकारला होता. सांगितलं तर हेही नाकारतील. लपवू का?

कधीच नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे पाच देश व्हिसासंबंधीची माहिती एकमेकांना देतात, बोटांच्या ठशांसकट. टुरिस्ट व्हिसाला नकार ही अगदी मामुली गोष्ट आहे, सांगून मोकळं व्हा. लपवलेलं सापडलं तर तो खोटेपणा ठरतो : कॅनडात पाच वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, अमेरिकेत जन्मभराची अडचण. आणि "फॉर्म एजंटने भरला होता" हे उत्तर कुठेच चालत नाही. सही तुमची असते.

मग एजंट करावाच का?

साधा, सरळ अर्ज असेल आणि इंग्रजी वाचता येत असेल तर गरज नाही. गुंतागुंत असेल (आधीचा नकार, घटस्फोट, मुलाचा ताबा, जुनी पोलीस केस) तर चांगला माणूस पैशाला महाग नाही. चांगला ओळखायचा कसा? कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा एकतर तिथला वकील असावा लागतो किंवा तिथल्या सल्लागारांच्या कॉलेजचा परवानाधारक. नाव त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतं. अलकापुरी, सयाजीगंज, फत्तेगंजातल्या पाट्यांवर झेंडे सगळ्यांकडे असतात. परवाना क्रमांक विचारल्यावर जो चहा मागवतो, त्याच्याकडून चहा पिऊन उठा.

दोन गोष्टी कधी सोडू नका. अर्जाचं ऑनलाइन खातं तुमच्या ईमेलवर उघडायचं, एजंटच्या नाही. आणि पाठवलेल्या फॉर्मची प्रत पाठवण्याआधी वाचायची, ओळ न् ओळ. 'शंभर टक्के गॅरंटी' हा शब्द आला की उठा. आणि 'मागच्या दाराने सीमेपार' असं कोणी सुचवलं, तर जानेवारी २०२२ आठवा : गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब, त्यात दोन लहान मुलं, कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या बर्फात गोठून गेलं.

अर्ज देऊन आठ महिने झाले, काही उत्तर नाही. फोन करू? नेत्यांकडून पत्र देऊ?

आपल्याकडे काम अडलं की ओळख काढायची सवय. तिकडे त्याने फाइल हलत नाही. आधी त्या कार्यालयाने जाहीर केलेला सरासरी कालावधी बघा. तो संपायच्या आत केलेल्या चौकशीला छापील उत्तर येतं आणि तुम्हाला उगाच समाधान वाटतं.

कालावधी संपला असेल तर प्रत्येक देशाचा मार्ग निराळा. कॅनडात माहितीच्या अधिकारासारखा कायदा आहे. पाच डॉलर भरून तुमच्या फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी मागवता येतात. या कायद्याखाली मागणारा माणूस कॅनडात असावा लागतो, म्हणून तिथल्या नातेवाइकाला संमतीपत्र द्यायचं. त्या नोंदी म्हणजे खजिना. "नोकरीचा पुरावा अपुरा" अशी एक ओळ मिळाली की महिनोन् महिने अंधारात चाचपडणं थांबतं. भावाच्या बाबतीत तर अधिकारी एका वैद्यकीय अहवालाची वाट पाहत होता, जो त्याने कधीच पाठवला होता. तो चुकीच्या फाइलला लागला होता.

जर्मनीत तीन महिने योग्य कारणाविना निर्णय झाला नाही तर कार्यालयाविरुद्ध 'निष्क्रियते'चा दावा लावता येतो. दावा लावावा लागतोच असं नाही. वकिलाचं तसं पत्र गेलं की बहुधा फाइल वर येते. मी स्वतः पत्रापर्यंतच गेले होते.

अमेरिकेच्या नोकरीवरच्या ग्रीन कार्डात मात्र कार्यालयाशी भांडून उपयोग नाही. वर्षाच्या कोट्यात एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त जागा नाहीत आणि भारतीयांची रांग दशकांची आहे. दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली तारीख बघायची, एवढंच.

आउसलेंडरबेहोर्डात प्रत्यक्ष जायचंय. काय तयारी करू?

हा माझा विषय.

पहिली गोष्ट, भेटीची वेळ. मोठ्या शहरांत ती मिळवणं हीच अर्धी लढाई आहे. परवाना संपायच्या दोन-तीन महिने आधीपासून बघायला लागा. वेळ मिळालीच नाही तर मुदत संपण्याआधी ईमेलने रीतसर अर्ज पाठवा, सगळे कागद जोडून, आणि पाठवल्याचा पुरावा छापून फाइलला लावा. वेळेत अर्ज झाला की जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू मानला जातो आणि त्याचा एक तात्पुरता कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नाव जिभेला वळत नाही तरी पाठ करा, कारण नोकरीच्या ठिकाणी तोच दाखवायचाय. त्याचे प्रकार आहेत आणि सगळ्यांवर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही, तेव्हा दिवाळीचं तिकीट काढण्याआधी त्यात कुठल्या कलमापुढे खूण केलीय ते विचारा.

दुसरी गोष्ट, कागद. मूळ आणि झेरॉक्स वेगळ्या, यादीच्या क्रमाने. टेबलावर पिशवी उपडी करायची नाही. माझ्या पहिल्या भेटीत मी "एक मिनिट हं" करत करत पाच मिनिटं घालवली, आणि बाईंना दिलेली वेळ पंधरा मिनिटांची होती. उरलेल्या दहात भाषांतराचा तो प्रसंग झाला. पुढची वेळ मिळायला अकरा आठवडे लागले.

तिसरी, नाव. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. जर्मनांच्या लेखी ते सगळं तुमचंच पहिलं नाव. एका साहेबांनी आमच्या तिघांचे पासपोर्ट समोर ठेवून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "तुमच्या घरात सगळ्यांचंच नाव प्रकाश कसं?" हसू आवरून समजावून सांगितलं. पण त्यानंतर भाडेकरार, बँक, विमा सगळीकडे पासपोर्टसारखंच पूर्ण नाव लिहायला लागले.

चौथी, भाषा. अधिकाऱ्याला इंग्रजी येत असलं तरी कार्यालयाची भाषा जर्मन. बरोबर कोणाला तरी घेऊन जा. आणि तुम्ही स्वतः दोन वाक्यं जर्मनमध्ये बोललात तर समोरच्या चेहऱ्यावरची घडी जरा सैल होते. ब्लू कार्डवाल्यांना (हा उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) भाषेचा रोकडा फायदाही आहे : ए-१ या प्राथमिक पातळीवर सत्तावीस महिन्यांनी कायम परवान्याचा अर्ज करता येतो, बी-१ म्हणजे मध्यम पातळी असेल तर एकवीस महिन्यांनी.

तिकडून पत्र आलंय, "तुमच्या अर्जाबद्दल आम्हाला शंका आहे." म्हणजे नकार?

अजून नाही. नकार देण्याआधी तुमची बाजू ऐकण्याची ती संधी आहे. पत्रात मुदत असते, ती पाळा. पुरेशी नसेल तर संपण्याआधी वाढवून मागा. विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या, पुराव्यासह, मुद्द्याच्या क्रमाने. रागाने चार पानं लिहू नका आणि "मी अत्यंत प्रामाणिक आहे" हेही नको. अशा पत्राच्या वेळी मात्र खरंच वकील गाठा.

आईला बरं नाही. परवाना हातात असताना बडोद्यात किती दिवस राहता येईल?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. मीही त्यातून गेले आहे.

कॅनडाच्या पीआरला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात. ते सलग नसले तरी चालतं, म्हणजे त्यातल्या त्यात हा नियम उदार. जर्मनीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परवाना आपोआप संपू शकतो, ब्लू कार्डवाल्यांना बारा महिने. जाण्याआधी कार्यालयाकडून जास्त मुदत लेखी मागून घेता येते, परत आल्यावर मागून मिळत नाही. ब्रिटनमध्ये कायम परवान्याकडे जाताना कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नको. तिथे स्किल्ड वर्कर व्हिसावाल्यांची कायम परवान्यापर्यंतची पाच वर्षांची वाट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला, त्यामुळे ब्रिटनवाल्यांनी ताजा नियम बघूनच हिशेब करावा. अर्ज चालू असताना ब्रिटनबाहेर गेलात तर तो मागे घेतला असं धरतात, हे बऱ्याच जणांना विमानतळावर कळतं. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल आणि वर्षभर राहावं लागणार असेल तर निघण्याआधी री-एन्ट्री परमिटचा अर्ज करा.

बोर्डिंग पास टाकू नका. येण्याजाण्याच्या तारखांची एक वही करा. पाच वर्षांपूर्वी गणपतीला नक्की कधी आलो होतो हे कोणाला आठवत नाही, आणि फॉर्मवर तारीखवार लिहायचं असतं.

आईबाबांनाच तिकडे नेता येईल का?

कॅनडात पालकांच्या पीआरचा भरवसा धरू नका. सुपर व्हिसा, म्हणजे आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा भेटीचा व्हिसा, व्यवहार्य आहे : एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, निदान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो आणि मुलाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेवर हवं. जर्मनीत पालकांना आणणं एकूण कठीणच. आईबाबांना मुळात यायचंय का, हेही एकदा विचारा. माझ्या आईने तीन आठवड्यांत "इथे दार वाजवणारं कोणी नाही" म्हणून परतीचं तिकीट मागितलं होतं.

पीआर मिळाली म्हणजे भारतीय नागरिकत्व गेलं का?

नाही. पासपोर्ट भारताचाच राहतो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की मात्र जातं, आणि मग पासपोर्ट परत करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यायचं. तो देश दुहेरी नागरिकत्व देतो की नाही याने फरक पडत नाही, जर्मनी जून २०२४ पासून देते, भारत देत नाही. बँकेचं मात्र लगेच करा : कायमचे बाहेर राहायला गेलात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या खात्यात, बदलावं लागतं. हे दहापैकी आठ जण विसरतात.

नकार आला. आता?

दोन दिवस काही करू नका. मग नकाराचं पत्र कारणांसाठी वाचा. अपील, फेरविचार की नवा अर्ज, हे देशावर आणि व्हिसाच्या प्रकारावर आहे. अपिलाची मुदत कमी असते, ती त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. तोच अर्ज तेच कागद लावून पुन्हा पाठवलात तर उत्तरही तेच येईल. आणि कॉलनीत कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

फोटो इथूनच काढून नेऊ का? तिकडे महाग असतात म्हणे.

जर्मनीसाठी नको. मे २०२५ पासून तिथे कार्यालयं डिजिटल फोटोच घेतात, तिथल्याच मशीनवर काढलेला किंवा मान्यताप्राप्त फोटोग्राफरने थेट पाठवलेला. बाकीच्यांसाठी मापं देशागणिक वेगळी आहेत. फोटोग्राफरला नुसतं "फॉरेनचा फोटो" सांगू नका, मिलिमीटरचा कागद नेऊन द्या, आणि चष्मा काढा.